पैसा जनतेचा, तर अटही जनतेची

मित्रांनो, आमच्या अभ्यासवर्गात 'नेट न्यूट्रॅलिटी' हा विषय ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. शिष्यवृत्ती रखडली आहे, वसतिगृहात जागा नाही, भरती निघत नाही, गावात स्मशानभूमीचा वाद अजून मिटलेला नाही, आणि आपण हे काय घेऊन बसलो? हा इंजिनिअर लोकांचा विषय, त्यांचे त्यांनी बघावे. विचारणाऱ्याचा राग आम्हाला समजतो. पण शिष्यवृत्तीचा अर्ज आज इंटरनेटवर भरावा लागतो. भरतीची जाहिरात, प्रवेशपत्र, निकाल, जातपडताळणी, तक्रार, सगळे त्याच वाटेने जाते. ज्या वाटेने आपण हक्क मागायला निघतो, त्या वाटेवरचा नाका कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न आपला नाही तर कोणाचा?

आमचे म्हणणे सरळ आहे. सरकार जनतेच्या पैशातून इंटरनेट विकत घेते तेव्हा पुरवठादाराने भेदभाव करू नये ही अट करारात लिहिलेली असली पाहिजे, आणि ती पाळली जाते की नाही हे तपासण्याचा अधिकार ते इंटरनेट वापरणाऱ्यांच्या हातात असला पाहिजे. अमेरिकेतल्या काही राज्यांनी २०१८ मध्ये यातला पहिला अर्धा भाग करून दाखवला. पण या युक्तीचे सूत्र आपल्या लढ्याच्या इतिहासात त्याच्या नव्वद वर्षे आधीच लिहिले गेले होते. ते आपण विसरलो, म्हणून हा लेख.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे मोजूनही छापायला नकार दिला, हे आपल्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. 'केसरी'चे वकील म्हणतील की ते वर्तमानपत्र होते, काय छापायचे हा संपादकाचा अधिकार. ठीक आहे. त्या अधिकाराचा वापर कोणाविरुद्ध झाला ते इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. पण समजा, उद्या टपाल खातेच म्हणाले की अमुक पाक्षिकाची पाकिटे आम्ही पोहोचवणार नाही, किंवा आठ दिवस उशिरा पोहोचवू, किंवा जो जास्त पैसे देईल त्याची पाकिटे आधी वाटू. तेव्हा संपादकाचा अधिकार हे उत्तर चालेल का? टपालवाल्याचे काम पत्ता वाचण्याचे. पाकिटात काय आहे आणि ते कोणी लिहिले आहे, हे पाहून त्याने वाट बदलायची नसते.

इंटरनेट पुरवणारी कंपनी ही या अर्थाने टपालवाला आहे. तिच्यावर तीन बंधने घालायची असतात. कायदेशीर मजकूर अडवायचा नाही. एखाद्याचा मजकूर मुद्दाम मंद करायचा नाही. पैसे घेऊन दुसऱ्याचा मजकूर पुढे काढायचा नाही. नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे मुख्यतः एवढेच. मराठीत तिला तटस्थता म्हणतात. आम्हाला समता हा शब्द जास्त जवळचा वाटतो.

अमेरिकेत ही तीन बंधने केंद्रीय दळणवळण आयोगाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी लागू केली. सरकार बदलले, आयोगाचे बहुमत बदलले, आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी त्याच आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनीच ती काढून टाकली. वर एक गोष्ट आणखी केली. कोणत्याही राज्याने या विषयावर स्वतःचे वेगळे नियम करू नयेत, असा हुकूम काढला. म्हणजे आम्ही तुमचे रक्षण करणार नाही आणि तुम्हालाही करू देणार नाही.

राज्यांपुढे प्रश्न होता की आता करायचे काय. कायदा केला तर केंद्र म्हणणार हा तुमचा अधिकार नाही. तेव्हा मोंटाना या जेमतेम दहा लाख वस्तीच्या राज्याचे गव्हर्नर स्टीव्ह बुलक यांनी २२ जानेवारी २०१८ रोजी एक आदेश काढला. तिथला गव्हर्नर आपल्या मुख्यमंत्र्यासारखा लोकांनी निवडून दिलेला असतो, आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो. आदेशाचा आशय असा की आम्ही कोणत्याही कंपनीला नियम घालत नाही, आम्ही गिऱ्हाईक आहोत. राज्य सरकारची कार्यालये इंटरनेट विकत घेतात. ज्याला आमचे कंत्राट हवे असेल त्याने मजकूर अडवू नये, मंद करू नये, पैसे घेऊन पुढे काढू नये. ज्याला हे जमत नसेल त्याने आपला माल दुसरीकडे विकावा.

यात एक बारकावा आहे आणि तोच या आदेशाचा प्राण आहे. मोंटानाच्या आदेशाने ही अट केवळ सरकारी कार्यालयाच्या जोडणीपुरती ठेवली नाही. सरकारचे कंत्राट घेणाऱ्या कंपनीने मोंटाना राज्यातल्या कोणत्याही ग्राहकाशी भेदभाव करायचा नाही, असे तिने म्हटले. सरकारी खरेदीचे वजन वापरून सामान्य माणसाच्या घरातल्या जोडणीला संरक्षण दिले. दोन दिवसांनी न्यूयॉर्कने असाच आदेश काढला. मग न्यू जर्सी, हवाई, व्हरमाँट, ऱ्होड आयलंड यांच्या गव्हर्नरांनी काढले. ओरेगॉनच्या विधिमंडळाने त्याच वर्षी सरकारी संस्थांच्या खरेदीबद्दल कायदाच केला. वॉशिंग्टन राज्य आणि कॅलिफोर्निया यांनी आणखी पुढे जाऊन खरेदीची आडवाट न घेता थेट कायदे केले.

कंपन्या गप्प बसल्या नाहीत. त्यांच्या संघटनांनी व्हरमाँटला न्यायालयात खेचले. हा खरेदीचा करार नसून मागच्या दाराने आणलेला कायदा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ नाही हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. गिऱ्हाईक म्हणून सरकार आपल्या मालाबद्दल अट घालू शकते. शेजाऱ्याला विकलेल्या मालाबद्दलही अट घालू लागले की ते गिऱ्हाईक राहते की राज्यकर्ता होते? अमेरिकेच्या कायद्यात हा जुना वाद आहे. पुढे १ ऑक्टोबर २०१९ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने आयोगाची माघार बहुतांशी वैध ठरवली, पण राज्यांना सरसकट गप्प करणारा हुकूम मात्र रद्द केला. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की जे क्षेत्र सांभाळायचा अधिकार तुम्ही स्वतःच सोडून दिला, तिथे इतरांना येऊ नका असे सरसकट म्हणता येणार नाही. २०२४ मध्ये आयोगाने बंधने पुन्हा आणली, आणि २ जानेवारी २०२५ रोजी दुसऱ्या एका अपील न्यायालयाने ती पुन्हा उडवली. आज अमेरिकन नागरिकाला या विषयात जे काही संरक्षण उरले आहे ते राज्यांनी उभे केलेले आहे.

आता आपल्या घरी येऊ.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य समाजाला खुले असावेत, हा त्याचा आशय. यातला कळीचा शब्द 'सार्वजनिक पैसा' हा आहे. बोले यांनी कोणाच्या मनातली जात काढायला सांगितली नव्हती. पैसा सर्वांचा आहे तर वापरही सर्वांचा, एवढाच हिशेब मांडला होता. हिशेबाला उत्तर देणे धर्मशास्त्राला उत्तर देण्यापेक्षा अवघड असते.

ठराव झाला. सरकारने त्याप्रमाणे सूचना काढल्या. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपलाही ठराव करून चवदार तळे खुले केले. आणि तळ्याचे पाणी? ते जिथे होते तिथेच राहिले, आपला माणूस होता तिथेच राहिला. ठराव होता, सूचना होती, नगरपालिकेचा दुजोरा होता, फक्त ओंजळीत पाणी नव्हते. म्हणून १९२६ मध्ये बोले पुन्हा उभे राहिले. जी नगरपालिका, जे लोकल बोर्ड हा ठराव अमलात आणणार नाही, त्याचे सरकारी अनुदान बंद करा, असा दुसरा ठराव त्यांनी मांडला. मित्रांनो, मोंटानाच्या गव्हर्नरने २०१८ मध्ये जे केले त्याचे सूत्र हेच. हृदयपरिवर्तनाची वाट पाहत बसू नका, तिजोरीच्या दाराशी अट लावा.

पण त्यापुढची गोष्टही लक्षात ठेवू. अनुदानाची अट मांडूनही तळे खुले झाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर गेले, तेव्हा कागदावरचा हक्क ओंजळीत आला. त्याची किंमत आपल्या माणसांनी डोकी फोडून घेऊन मोजली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठरावच मागे घेतला. खटला चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले ते १७ मार्च १९३७ रोजी. म्हणजे तिजोरीची अट हे शस्त्र आहे, पण ते चालवणारे हात संघटित असावे लागतात. अट लिहिणारा एक आणि अट तपासणारा कोणीच नाही, अशी स्थिती असली की तिचा महाडचा १९२४ चा ठराव होतो.

हे सूत्र बाबासाहेबांच्या संविधानातही आले आहे. कलम १५ (२) वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकावर निर्बंध घालता येणार नाही, आणि त्यात पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून चालवलेल्या जागा येतात. 'अंशतः' हा शब्द अधोरेखित करा. एक रुपया जरी राज्याचा असेल तरी समतेची अट लागू होते. इंटरनेटची केबल ही विहीर नाही आणि न्यायालय तिला उद्या स्नानघाट म्हणेल असा आमचा दावा नाही. पण ज्या तर्काने ते कलम लिहिले गेले तो तर्क केबलपाशी येऊन थांबण्याचे काही कारण नाही.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनी हेच शस्त्र कसे मिळवले तेही पाहू. १९४१ साली ए. फिलिप रँडॉल्फ या कामगार पुढाऱ्याने वॉशिंग्टनवर प्रचंड मोर्चा नेण्याचा इशारा दिला. युद्धसामग्रीच्या कारखान्यांना सरकारी पैसा मिळतो आणि तिथे काळ्या माणसाला काम मिळत नाही, ही तक्रार होती. मोर्चा निघण्याआधीच, २५ जूनला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगांतल्या नोकरीत वंशभेदाला मनाई करणारा आदेश काढला. १९६५ मध्ये जॉन्सन यांनी केंद्र सरकारच्या कंत्राटदारांना भेदभाव न करण्याची आणि समान संधीसाठी सक्रिय पावले उचलण्याची अट घातली. त्या आदेशाने साठ वर्षे काम केले. आणि २१ जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी एका सहीने तो रद्द केला. आदेश सहीने येतो आणि सहीने जातो. कायदा बदलायला निदान सभागृहात उभे राहून हात वर करावा लागतो, आणि कोणाचा हात वर होता ते लोकांना दिसते. म्हणून आपली मागणी परिपत्रकावर थांबता कामा नये.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेत नियमच नव्हता, आपल्याकडे तर आहे. बरोबर. त्याचे श्रेय या देशातल्या जागरूक तरुणांना आहे. २०१५ मध्ये फेसबुकने इंटरनेट डॉट ऑर्ग नावाची योजना आणली, तिचेच नाव पुढे फ्री बेसिक्स झाले. निवडक संकेतस्थळे फुकट, बाकीच्यांना पैसे. लाखो लोकांनी ट्रायला पत्रे पाठवली आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावायला मनाई केली. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने तटस्थतेची तत्त्वे मान्य केली आणि परवान्यांच्या अटींत घातली. कागदावर आपला नियम जगातल्या चांगल्या नियमांपैकी एक आहे.

फ्री बेसिक्सच्या वेळी आपल्यातलेही काही जण म्हणत होते की गरिबाला थोडे तरी फुकट मिळते आहे, ते का अडवता? आमचे उत्तर तेव्हाही हेच होते. गावच्या हॉटेलात आपल्या बापजाद्यांना चहा मिळत नव्हता असे नाही, मिळत होता, वेगळ्या कपात. महाडला आपण स्वतंत्र विहीर मागायला गेलो नव्हतो, त्याच तळ्यावर गेलो होतो. गरिबासाठी कुंपण घातलेले छोटे इंटरनेट आणि पैसेवाल्यासाठी मोकळे मोठे इंटरनेट ही वेगळ्या कपाची नवी आवृत्ती आहे. स्वस्त द्यायचे असेल तर सगळेच स्वस्त द्या. कोणते पान वाचायचे ते वाचणारा ठरवील.

आता कागदावरून जमिनीवर येऊ. आमचा अभ्यासवर्ग एका तालुक्याच्या गावी बुद्धविहारात चालतो. जवळच्या एका वसतिगृहातली मुले येतात. दोन वर्षांपूर्वी मुलांनी सांगितले की वसतिगृहाच्या वायफायवर क्लासवाल्यांचे व्हिडिओ सुरळीत चालतात, पण बाबासाहेबांची भाषणे असलेले एक संकेतस्थळ आणि आमची दोन-तीन पाने उघडत नाहीत. मोबाईलच्या डेटावर तीच पाने लगेच उघडत होती. गृहपालांना विचारले तर ते म्हणाले, कंपनीने केले असेल. दुरुस्तीला आलेला कंपनीचा मुलगा म्हणाला, वरून सेटिंग आहे. वर म्हणजे कुठे, हे त्यालाही ठाऊक नव्हते. आम्ही माहिती अधिकारात अर्ज टाकला. माहिती उपलब्ध नाही असे उत्तर आले. प्रथम अपील केले, तेव्हा कराराची प्रत हाती आली. त्यात वेग होता, मासिक भाडे होते, राउटर किती ते होते, जोडणी बंद पडली तर दंड किती ते होते. काय बंद करायचे, कोणी सांगितल्यावर करायचे, कोणाला कळवायचे, यावर एक ओळ नव्हती. अपिलाच्या सुनावणीनंतर काही दिवसांत पाने उघडू लागली. बंद केली त्याचे नाव नाही, उघडली त्याचेही नाव नाही.

यामागे जात होती असा आरोप आम्ही केला नाही, कारण आरोपाला पुरावा लागतो. पण ज्याला कारण द्यावेच लागत नाही त्याच्याकडे कोणतेही कारण असू शकते. त्या वर्षी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी वसतिगृहात वायफाय असून रोज संध्याकाळी पैसे देऊन सायबर कॅफेत बसत होती. तिच्या वाट्याचा सरकारी पैसा पुरवठादाराला मिळतच होता. ती दोनदा पैसे भरत होती, एकदा जनता म्हणून आणि एकदा गिऱ्हाईक म्हणून.

इथे कोणी कायदेपंडित म्हणेल की ही तटस्थतेची शुद्ध तक्रार नाही, ग्राहक स्वतःच्या इमारतीत काही संकेतस्थळे बंद ठेवू शकतो. मान्य. वसतिगृहाने जुगाराची, अश्लील संकेतस्थळे बंद केली तर आमची हरकत नाही. पण मग ग्राहकाने, म्हणजे सरकारने, ते स्वतःच्या सहीने करावे आणि यादी भिंतीवर लावावी. यादी पुरवठादाराची, मौन अधिकाऱ्याचे आणि अडवणूक विद्यार्थ्याची, ही व्यवस्था चालणार नाही. काश्मीरच्या इंटरनेटबंदीवरील अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी स्पष्ट सांगितले की इंटरनेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. राज्याच्या सुरक्षेच्या नावाने बंद करणाऱ्याला जर आदेश दाखवावा लागतो, तर वसतिगृहाच्या राउटरला सूट कशासाठी?

म्हणूनच केंद्राचा परवाना असतानाही राज्याच्या करारात अट हवी. परवाना हा केंद्र आणि कंपनी यांच्यातला कागद. तो मोडला तर तालुक्याच्या गावातल्या विद्यार्थ्याने दिल्लीला दाद मागायची. करारातली अट मोडली तर पुढच्या महिन्याच्या देयकातून पैसे कापता येतात. दूरसंचार हा संघसूचीतला विषय आहे, महाराष्ट्राला त्यावर कायदा करता येणार नाही. पण कलम २९८ राज्याला करार करण्याचा अधिकार देते, आणि केंद्राने आधीच मान्य केलेले तत्त्व राज्याने आपल्या करारात लिहिले तर त्यात केंद्राशी विरोध कुठे येतो? अमेरिकेतल्या राज्यांना केंद्राविरुद्ध जाऊन जे करावे लागले ते आपल्या राज्याला केंद्राचाच नियम हातात धरून करता येईल. अडचण अधिकाराची नाही, इच्छेची आहे.

खरेदीत सामाजिक अट घालता येत नाही, असे कोणी सांगितले तर त्याला २०१२ चे केंद्राचे सार्वजनिक खरेदी धोरण दाखवा. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून ४ टक्के खरेदीचे उद्दिष्ट आहे. कर्नाटकाने सरकारी बांधकाम कंत्राटांत ठरावीक रकमेपर्यंत या समाजांना २४.१ टक्के राखीव जागा कायद्याने दिल्या. अट घालता येते हे सिद्ध झालेले आहे. ४ टक्क्यांचे उद्दिष्ट प्रत्यक्षात फार मागे राहिले, हेही आपल्याला ठाऊक आहे, कारण ते मोजायला आपण गेलो नाही.

अटी कशा असाव्यात, ते आता नेमके सांगतो. पहिली, अडवणे, मंद करणे आणि पैसे घेऊन पुढे काढणे या तिन्हींची मनाई शब्दशः करारात यावी आणि तिला देयकातून कपातीचा दंड जोडलेला असावा. दुसरी, ही मनाई सरकारी टेबलापुरती नसावी. महानेट आणि भारतनेटची जी केबल जनतेच्या पैशातून ग्रामपंचायतीपर्यंत गेली आहे, तिच्यावरून पुढे जो कोणी जोडण्या विकील त्याच्या प्रत्येक ग्राहकाला ती लागू व्हावी. तिसरी, जे काही बंद असेल त्याची यादी, आदेश देणाऱ्याचे पद आणि तारीख फलकावर लावावी. चौथी, कराराची प्रत माहिती अधिकाराची वाट न पाहता प्रसिद्ध करावी. पाचवी, एकच पुरवठादार आहे म्हणून सूट देऊ नये. ओरेगॉनच्या कायद्यात अशी सूट ठेवली गेली, आणि जिथे एकच कंपनी असते तिथेच तर माणूस सर्वात असहाय असतो. आपल्या वाड्या-वस्त्या आणि आदिवासी पाडे नेमके तिथेच आहेत.

अटी वाढवल्या तर निविदा महाग होईल, असे सांगितले जाईल. भेदभाव न करण्याला केबल जास्त लागत नाही. उलट करारात न लिहिलेली गोष्ट किती महाग पडते ते कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा परगण्याच्या अग्निशामक दलाने २०१८ मध्ये अनुभवले. वणवा पेटलेला असताना त्यांच्या आपत्कालीन वाहनाचा डेटा कंपनीने मर्यादा संपली म्हणून अत्यंत मंद केला आणि महागडी योजना घेईपर्यंत तो मोकळा झाला नाही. ही ग्राहकसेवेतली चूक होती, तटस्थतेशी तिचा संबंध नाही, असे कंपनीने सांगितले. असेलही. पण आग विझवणाऱ्याला आगीच्या मध्ये उभे राहून दर ठरवत बसावे लागले, कारण खरेदी करताना सरकारने ती गोष्ट लिहून घेतली नव्हती.

शेवटी तपासणीचे. ती कोणी करायची? बोले ठरावाचे काय झाले ते आठवा म्हणजे उत्तर मिळेल. वेग मोजायला मोबाईल पुरतो. एकच पान वसतिगृहाच्या वायफायवर आणि स्वतःच्या डेटावर उघडून पाहायला दोन मिनिटे लागतात. प्रत्येक वसतिगृहात, अभ्यासिकेत, ग्रामपंचायतीत आपल्या दोन पोरांनी महिन्यातून एकदा हे करावे, तारीख, वेळ आणि पानाचे नाव वहीत लिहावे, त्याखाली दोघांनी सह्या कराव्यात. तीन महिन्यांची अशी वही जोडून माहिती अधिकारात कराराची प्रत मागावी. त्या वहीसह समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात आणि आपल्या आमदाराकडे जावे आणि पुढच्या निविदेत या पाच अटी घालण्याचे लेखी उत्तर मागावे. येत्या २० मार्चला महाडला आपण जाणारच आहोत. जाताना हातात निळा झेंडा असेल, तसा पिशवीत आपल्या तालुक्यातला एक करार आणि एक वही असू द्या.

जय भीम!